लघवीवरील ताबा आणि स्नायूंचा व्यायाम : एका दुर्लक्षित उपचाराविषयी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती दिलेला आहेच. त्यातील आकडे वाचून दाखविण्यात आपला वेळ घेण्याचा माझा विचार नाही. ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात जो दिसत नाही, अशा एका विषयाकडे आज मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. हा विषय वयस्कर स्त्रियांच्या लघवीवरील ताब्याचा आहे.

चारचौघांत, त्यातही एका पुरुषाने, या विषयावर बोलावे काय, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि ज्या दुखण्याविषयी कोणी बोलत नाही, त्यासाठी कोणी देणगी देत नाही; आणि ज्यासाठी निधी नाही, ती सेवा रुग्णालयात उभी राहत नाही. हा व्यवहार प्रशासनाच्या कक्षेत येतो, म्हणून मी बोलत आहे. माझ्या बोलण्यातील वैद्यकीय भाग स्त्रीरोग व फिजिओथेरपी विभागांतील तज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे.

प्रथम दुखणे काय आहे ते पाहू. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याची कळशी उचलताना काही थेंब लघवी निसटते, हा एक प्रकार. लघवीची एकाएकी अनावर घाई होते आणि मोरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात, हा दुसरा प्रकार. अनेक वयस्कर स्त्रियांना दोन्ही प्रकारांचा त्रास एकाच वेळी होतो. या दुखण्याने जीव जात नाही. म्हणूनच घरात, आणि पुष्कळदा दवाखान्यातही, ते दुखणे म्हणून मोजले जात नाही. 'वय झाले की असे व्हायचेच' या एका वाक्यावर विषय संपतो.

मात्र त्या स्त्रीच्या जगण्यातून काय काय वजा होते, याचा हिशेब मांडला तर तो लहान नाही. एस.टी.चा प्रवास करावयाचा असेल, तर ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करते. लग्नकार्यात ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसते आणि पंगतीपूर्वीच निघते. कीर्तनाला जाणे थांबते, देवदर्शनाला जाणे थांबते. आपल्या अंगाला वास येत असेल या भीतीने नातवाला मांडीवर घेणेही काही जणी टाळतात. घरच्यांना वाटते की आजींना आता कशात रस उरला नाही. खरे कारण त्या सुनेला सांगत नाहीत, लेकीला सांगत नाहीत, आणि मुलाला सांगण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

शरीराचीही यात हानी होते. पाणी कमी प्याल्याने लघवी दाट होते, बद्धकोष्ठता वाढते, आणि बद्धकोष्ठतेमुळे कुंथण्याचा ताण पडून मूळ त्रासात भर पडते. रात्री घाईने उठून अंधारात, ओल्या फरशीवरून चालताना पाय घसरतो. लघवीची अनावर घाई आणि वृद्ध स्त्रियांचे पडणे व हाड मोडणे यांचा संबंध वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आला आहे. खुब्याचे हाड मोडून आलेल्या रुग्णेच्या शस्त्रक्रियेसाठी आपण निधी उभा करतो. ती रात्री कशासाठी धावत होती, हे विचारण्याची व्यवस्थाही रुग्णालयात असली पाहिजे.

आता कारणांकडे वळतो. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखे पसरलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या अवयवांना ते खालून आधार देतात आणि लघवीचा मार्ग मिटून धरण्यास साहाय्य करतात. बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, कधी फाटतातही. पुढे रजोनिवृत्तीनंतरचे बदल, वाढलेले वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांमुळे त्यांच्यावरील ताण वाढत जातो. ही झोळी सैल पडली की खोकल्याच्या धक्क्यासरशी लघवी निसटते. काही स्त्रियांच्या बाबतीत अवयव खाली सरकतात. ज्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात, तो हाच प्रकार.

यातील दिलासा असा की, हे स्नायू आपल्या इच्छेनुसार हलविता येणारे आहेत. दंडाचा किंवा मांडीचा स्नायू व्यायामाने बळकट होतो, तसाच हाही होतो, आणि साठीनंतरही होतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा व्यायाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे योगाभ्यास करणाऱ्यांना मूलबंध आणि अश्विनी मुद्रा परिचित आहेत. त्यांतील आकुंचन या व्यायामाशी मिळतेजुळते आहे. ज्या स्त्रीने योगवर्गात ते शिकले आहे, तिला हा व्यायाम परका वाटत नाही. मात्र योग्य स्नायू आवळला जातो की नाही, याची तपासणी तिच्याही बाबतीत आवश्यक असते.

व्यायामाचे स्वरूप थोडक्यात असे. गुद्द्वारातून वायू बाहेर पडू नये आणि त्याच वेळी लघवीची धारही थांबावी, अशा रीतीने आतील स्नायू आवळून वर ओढून घ्यावयाचे. काही सेकंद धरावयाचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावयाचे. प्रारंभी दोन-तीन सेकंदच जमते. हळूहळू सहा ते दहा सेकंदांपर्यंत मजल जाते. श्वास रोखावयाचा नाही. पोट, मांड्या व नितंब आवळावयाचे नाहीत. खाली जोर तर मुळीच द्यावयाचा नाही. एका वेळी आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नये, कारण स्नायू बळकट होण्यास वेळ लागतो. प्रत्यक्ष लघवी करताना धार थांबविण्याचा सराव नियमितपणे करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

याच्या जोडीला दोन साध्या युक्त्या शिकविल्या जातात. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच क्षणभर आधी स्नायू आवळून धरावयाचे, ही पहिली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सरासरी ६८ वर्षे वयाच्या २७ स्त्रियांना ही युक्ती शिकविण्यात आली. त्यांचा त्रास सौम्य स्वरूपाचा होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आठवडाभरानंतर मध्यम जोराच्या खोकल्याने निसटणारी लघवी जवळजवळ थांबल्याचे आढळले. इतक्या थोड्या अवधीत स्नायूंचे बळ वाढत नाही. योग्य क्षण साधण्याचा तो परिणाम होता. दुसरी युक्ती घाईसाठी आहे. घाई होताच धावावयाचे नाही. असेल तेथे थांबावे, जमल्यास बसावे, स्नायू चार-पाच वेळा झटपट आवळावेत, घाईची लाट ओसरू द्यावी आणि मग सावकाश चालत जावे.

इतके सोपे असेल तर पत्रक छापून वाटले म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. छपाईचा खर्चही अल्प आहे. परंतु येथेच एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावयास हवी. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी समजावून सांगून लगेच त्यांची तपासणी करण्यात आली. सुमारे निम्म्या स्त्रियांनाच तो बरोबर जमला होता. जवळपास एकचतुर्थांश स्त्रिया स्नायू वर ओढण्याऐवजी अशा रीतीने जोर देत होत्या, की त्याने त्रास वाढण्याचाच संभव होता. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे चुकते आहे हे करणारीला कळत नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट भगिनीने एकांतात, रुग्णेच्या संमतीने तपासून, 'हाच तो स्नायू' हे एकदा दाखवून देणे, हा या उपचाराचा गाभा आहे. पत्रकाचा उपयोग त्यानंतर आठवणीपुरता.

या उपचाराला आधार काय, असे विश्वस्तांनी विचारणे रास्त आहे. मंजुरी देण्यापूर्वी आपण प्रत्येक बाबतीत तसे विचारतो. जगभरातील वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ साली या विषयावरील ३१ चाचण्या तपासल्या. त्यांत १४ देशांतील १,८१७ स्त्रियांचा समावेश होता. खोकल्या-शिंकेसरशी लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या गटातील ५६ टक्के स्त्रियांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. उपचार न घेतलेल्या अथवा नाममात्र उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. घाईच्या प्रकाराविषयीचा एक अभ्यास १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात ५५ ते ९२ वर्षे वयाच्या १९७ स्त्रिया होत्या. स्नायूंचे प्रशिक्षण व सवयींतील बदल यांमुळे लघवी निसटण्याचे प्रसंग सुमारे ८१ टक्क्यांनी घटले, तर औषधाने सुमारे ६९ टक्क्यांनी. नाममात्र गोळी घेणाऱ्या गटातही ३९ टक्के घट दिसली, हेही सांगितले पाहिजे; केवळ कोणी तरी लक्ष घालते आहे, याचाही परिणाम होतोच. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठीच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, खोकल्या-शिंकेच्या किंवा मिश्र प्रकारात किमान तीन महिन्यांचे देखरेखीखालील स्नायू-प्रशिक्षण हा पहिला उपचार होय.

देणगीदारांच्या दृष्टीने आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. नॉर्वेमध्ये १०७ स्त्रियांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायाम, विद्युत-उत्तेजनाचे यंत्र, योनिमार्गात ठेवावयाची वजने आणि कोणताच उपचार नाही, अशा चार गटांची तुलना झाली. त्यात व्यायाम सरस ठरला. आपणांपैकी अनेक जण रुग्णालयास यंत्रे देतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्यांतील कित्येक यंत्रांवर आज रुग्णांचे प्राण अवलंबून आहेत. परंतु या एका बाबतीत यंत्राहून अधिक उपयोगी आहे ते प्रशिक्षित व्यक्तीचे मनुष्यबळ, तिचा वेळ, आणि दार लागणारी एक खोली. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. फिजिओथेरपिस्टच्या वेतनावर कोरता येत नाही. त्यामुळे अशा सेवा मागे पडतात.

वेळेचाच हिशेब मांडून पाहू. आठ स्त्रियांना प्रत्येकी आठवड्याला एक तास, असे बारा आठवडे स्वतंत्रपणे शिकवावयाचे झाल्यास ९६ तास लागतात. एका लहान रुग्णालयास हे झेपणारे नाही. कॅनडातील क्यूबेक प्रांतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या ३६२ स्त्रियांची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकीस प्रथम एकटीला योग्य स्नायू ओळखावयास शिकवून, नंतर निम्म्या स्त्रियांना स्वतंत्रपणे व निम्म्यांना आठ-आठच्या गटात बारा आठवडे प्रशिक्षण देण्यात आले. वर्षाअखेरीस लघवी निसटण्याचे प्रसंग स्वतंत्र शिकणाऱ्यांत ७० टक्क्यांनी, तर गटात शिकणाऱ्यांत ७४ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. म्हणजे गटात शिकल्याने काही उणे पडले नाही. आपल्या हिशेबात, प्रत्येकीसाठी प्रारंभीचा एक तास धरून आठ तास आणि गटाचे बारा, असे मिळून २० तास होतात. ९६ तासांच्या जागी २० तास, हे गणित आपल्या आवाक्यातील आहे. शिवाय आपल्यासारखाच त्रास आणखी सात जणींना आहे, हे समोरासमोर कळल्याने मनावरचे ओझे किती हलके होत असेल, हे या सभागृहातील भगिनी माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्या कर्तव्याचा एक मुद्दा येथे मांडतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये व त्याखालील योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. खाटांचा हा हिशेब आम्ही काटेकोरपणे ठेवतो. परंतु मी ज्या स्त्रीविषयी बोलत आहे, तिला खाट लागत नाही. ती दाखल होत नाही, म्हणून खाटांच्या मोजणीत ती येत नाही. ती तक्रार करीत नाही, म्हणून तक्रारपेटीतही तिची चिठ्ठी सापडत नाही. तिच्यासाठी काही करावयाचे तर ते आपण होऊनच करावे लागेल.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे पुढील प्रस्ताव नम्रपणे ठेवीत आहे. फिजिओथेरपी विभागात आठवड्यातून एक दिवस वयस्कर स्त्रियांसाठी व्यायामवर्ग सुरू करावा. तो आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवल्यास खेड्यांतून येणाऱ्या स्त्रियांना वेगळे कारण सांगावे लागणार नाही आणि वेगळे भाडेही पडणार नाही. खोलीला दार व कडी असावी, शेजारी स्वच्छ शौचालय असावे, आणि दारावर 'महिला व्यायामवर्ग' एवढीच पाटी असावी. शिकविणारी व तपासणारी स्त्रीच असावी. वर्गापूर्वी डॉक्टरांची तपासणी आणि लघवीची चाचणी व्हावी, कारण जंतुसंसर्ग किंवा मधुमेहही या त्रासाच्या मुळाशी असू शकतो. किती वेळा लघवी निसटली, याची नोंद वर्गापूर्वी आणि नंतर ठेवावी. जिला लिहिता येत नाही, तिने भिंतीवरील दिनदर्शिकेत रेघ मारली तरी पुरे. निर्धन स्त्रियांकडून शुल्क घेऊ नये. वर्षाअखेरीस या नोंदींचा गोषवारा याच सभेत मांडला जाईल. तो अनुकूल असो वा नसो.

या व्यायामाने प्रत्येकीचा त्रास पूर्णपणे जाईल, असे आश्वासन मी देत नाही. काहींना औषधे लागतील, काहींना शस्त्रक्रिया. लघवीतून रक्त जाणे, जळजळ, ओटीपोटात वेदना, लघवी पूर्ण न होणे किंवा पायांत एकाएकी अशक्तपणा येणे, अशी लक्षणे असल्यास व्यायामाची वाट न पाहता प्रथम डॉक्टरांना दाखवावे. पण ज्या उपचाराने कापावे लागत नाही, ज्याचे दुष्परिणाम अगदीच क्वचित व किरकोळ असतात आणि जो घरी बसून करता येतो, तो उपचार आपल्या आईला उपलब्ध आहे हेच ठाऊक नसावे, ही स्थिती आपण बदलू शकतो.

रुग्णांच्या नातेवाइकांना माझी विशेष विनंती आहे. घरातील वयस्कर स्त्री पाणी कमी पिऊ लागली, बाहेर जाणे टाळू लागली, वरचेवर लुगडे बदलू लागली, तर तिला टोचून बोलू नका. लेकीने अथवा सुनेने एकांतात, आडपडदा न ठेवता विचारावे. 'यावर इलाज आहे' हे वाक्य आधी बोलावे आणि प्रश्न नंतर. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवावा, फरशी कोरडी ठेवावी, भिंतीला धरावयास दांडी बसवावी. प्रवासात तिने सांगण्याची वाट न पाहता गाडी अधूनमधून थांबवावी. पाणी तोडू नये. चहा मात्र कमी करावा. तिच्या व्यायामाच्या तीन वेळा घरातील कोणी आठवणीने पाळावयास लावल्या, तर तीन महिने निभावणे तिला सोपे जाईल. मुलांनीही हा विषय केवळ बायकांचा म्हणून बाजूस सारू नये. तपासणीला नेण्यासाठी रजा पुष्कळदा त्यांनाच काढावी लागते.

देणगीदारांना एवढेच सांगावयाचे आहे की, या कामासाठी मोठी रक्कम नको आहे. एका फिजिओथेरपिस्ट भगिनीचे या विषयातील प्रशिक्षण, तिचा आठवड्यातील एक दिवस, एका खोलीची डागडुजी आणि गरजू स्त्रियांचे एस.टी.चे भाडे, एवढ्या चार बाबी आहेत. यंत्रावर दरवर्षी घसारा आकारावा लागतो. शिकलेला व्यायाम मात्र, करीत राहिल्यास, त्या स्त्रीपाशी राहतो. ज्यांना यातील एखाद्या बाबीचा भार उचलावयाचा असेल, त्यांनी सभेनंतर कार्यालयात अवश्य भेटावे. आणि ज्यांना आपल्या आईविषयी, सासूबाईंविषयी किंवा स्वतःविषयी विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी आमच्या फिजिओथेरपी विभागातील भगिनी आज सायंकाळपर्यंत विभागात उपलब्ध आहेत. तेथे नाव-गाव विचारले जाणार नाही.